पस्तीस सेंटिमीटरची पोकळी

पुण्यात मी जपानी शिकायला लागले तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. जोडीला स्पॅनिश घेतलं तेव्हा सगळ्यांनी एकच विचारलं, "ते आणि कशाला?" खरं कारण असं की जपानीचा वर्ग सहाला सुटायचा, स्पॅनिशचा सव्वासहाला भरायचा आणि मला घरी लवकर जायचं नसायचं. हे काही सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून "पुढे उपयोगी पडेल" असं ठोकून द्यायचे. ते खरं ठरायला बारा वर्षं लागली, आणि खरं ठरलं तेव्हा चांगलंच अंगाशी आलं.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही जपानातल्या इचिकावात राहत होतो. वरच्या मजल्यावर मी, जपानी नवरा आणि पाच वर्षांची मुलगी, जिला मराठीत रागावलं की ती जपानीत उत्तर द्यायची. खाली सासू-सासरे. सासऱ्यांचा नदीपलीकडे, एदोगावा वॉर्डात, कारखाना होता. कारखाना म्हणजे एक शेड, एक क्रेन आणि सत्तरीला आलेले सासरे. जहाजाच्या पोटाला लागणाऱ्या जाड लोखंडी प्लेटा वाकवायचं त्यांचं काम. हातोडा नाही, यंत्र नाही. एका हातात गॅसची ज्योत, दुसऱ्या हातात पाण्याची नळी. प्लेटवर ज्योतीने रेघ ओढल्यासारखं तापवत जायचं आणि मागोमाग पाणी सोडायचं. तीन बोटं जाडीचं लोखंड मग आपोआप, अंग चोरल्यासारखं वाकतं. कुठे किती रेघा ओढायच्या हे त्यांच्या डोक्यात. कागदावर काही नाही.

तपासणी सासूबाईंची. चाळीस वर्षं प्रत्येक प्लेटवरून त्यांनी तळवा फिरवला आणि एकेक शब्द बोलल्या. चांगली वाकली असेल तर "हं." नसेल तर "अजून." सासरे मुकाट्याने पुन्हा ज्योत पेटवायचे. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं, आणि त्या चाकांच्या खुर्चीत बसल्या. शेडमध्ये उंबरा, नळ्या, पाणी. खुर्ची आत जाईना. तेव्हापासून सासऱ्यांच्या प्लेटा न तपासता जहाजाला लागत होत्या. ते काही बोलत नसत, पण काम झालं की हात पुसत दाराकडे बघत उभे राहायचे. वर्षअखेरीला कारखाना बंद करायचं त्यांनी ठरवलं होतं.

मला ते "ओइ" म्हणायचे. जपानीत ओइ म्हणजे आपलं "ए". आठ वर्षं मी त्यांची सून होते, त्यांच्या नातीची आई होते, त्यांचा कचरा जळणारा-न जळणारा असा वेगळा करत होते, आणि तरी मी "ओइ"च होते. पुण्यात मला दूधवालासुद्धा "ताई" म्हणायचा.

तर आमच्याच चिबा प्रांतातल्या, किनाऱ्याकडच्या एका शहराने स्टेशनसमोर नवा चौक बांधला. नाव नको, नणंद अजून तिथेच राहते. बाकं झाली, घड्याळ झालं आणि मध्ये जागा मोकळी राहिली. मोकळी जागा दिसली की नगरपालिकेला कसंतरीच होतं, हे जगात सगळीकडे सारखं असावं. समिती नेमली. समितीतले एक सभासद स्पेनला फिरून आले होते. तिथे उत्तरेला, बास्क लोकांच्या मुलखात, समुद्राकाठी एका बास्क शिल्पकाराचं घराएवढं लोखंडी काम होतं आणि त्याच्यासमोर दोन बोटं वर करून काढलेला त्यांचा फोटो होता. जपानात कॅमेरा दिसला की आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांची दोन बोटं वर जातात. त्या एका फोटोवर शिल्पकाराची निवड झाली.

शिल्पकाराने अट घातली. त्याचे वडील जहाजाच्या गोदीत होते. ज्योत आणि पाणी वापरून लोखंड वाकवणारा त्याच्या किनाऱ्यावरचा शेवटचा माणूस वारला होता आणि जपानात असे लोक अजून आहेत असं त्याला कळलं होतं. अशाच माणसाच्या हातून काम होणार असेल तर येतो, म्हणाला. नगरपालिकेने शोध घेतला आणि सासरे सापडले. त्यांची सून स्पॅनिश बोलते हे कळल्यावर तिथल्या विभागप्रमुखांचा जीव असा काही भांड्यात पडला की त्यांनी मला फोनवरच वाकून नमस्कार केला असणार. आवाज दूर गेला होता.

शिल्पकार आला. पासष्टीचा, बुटका, रुंद, हातांवर भाजल्याचे डाग, आणि अंगात गोदी कामगारांचा निळा डगला. विभागप्रमुखांनी त्याच्यासाठी मोटार आणली होती. तो ट्रेननेच आला आणि स्टेशनच्या जिन्याखालच्या लोखंडी तुळईवर हात ठेवून दहा मिनिटं उभा राहिला. विभागप्रमुख तोवर चौकात त्याची वाट बघत होते.

पहिल्या बैठकीत त्याने खिशातून हाताच्या पंजाएवढा नमुना काढून टेबलावर ठेवला. दोन वाकलेली लोखंडी पानं, वर एकमेकांना टेकलेली, मध्ये एक फट. म्हणाला, "ही दोन पानं तुम्ही विसरा. मी लोखंडाचं काम करत नाही. मी मधल्या पोकळीचं काम करतो."

आता हे जपानीत कसं सांगायचं? आपल्या मराठीत पोकळी फक्त पुढारी गेल्यावर निर्माण होते आणि ती कधीही न भरून निघणारी असते, म्हणजे पुढच्या निवडणुकीपर्यंत. जपानीत मी तीन शब्द वापरून पाहिले. पहिल्याचा अर्थ भाड्याने द्यायची रिकामी खोली असा व्हायला लागला. दुसऱ्याने समितीतल्या प्राध्यापकांचे डोळे मिटले आणि ते पाच मिनिटं बोलले. त्यातलं मला काही कळलं नाही आणि शेजारच्या जपानी माणसालाही नाही. तिसरा शब्द सरळ "भोक" असा होता. तो ऐकून कोपऱ्यात बसलेल्या सासऱ्यांनी मान वर केली.

"किती मिलिमीटर?"

मी भाषांतर केलं आणि शिल्पकार उठून सासऱ्यांच्या गळ्यात पडला. जपानात आल्यापासून पहिला शहाणा प्रश्न आहे, म्हणाला. सासरे लोखंडी खांबासारखे उभे राहिले. त्यांना उभ्या जन्मात कोणी मिठी मारली नसावी.

उत्तर पस्तीस सेंटिमीटर असं निघालं. दोन फळ्या उभ्या करून त्याने स्वतःला मध्ये घातलं आणि मला फळ्या सरकवायला लावल्या. सरळ चालत जाता येता कामा नये. माणसाने आडवं व्हायचं, पोट आत घ्यायचं, दप्तर डोक्यावर धरायचं आणि लोखंडाची परवानगी मागत आत शिरायचं. विभागप्रमुखांनी विचारलं, कोणी अडकलं तर? तो म्हणाला, "अडकू दे. तेवढाच जरा विचार करील." मी भाषांतर केलं, "सूचनाफलक लावता येईल." दुभाष्याला अशी लबाडी करावी लागते. ही माझी सवय सगळ्यांना माहीत होती, हे लक्षात ठेवा.

त्याच बैठकीत दुसरा गोंधळ झाला. विभागप्रमुखांनी विचारलं, चौकातली जागा पसंत आहे ना? शिल्पकार म्हणाला, "बाई, बाई." विभागप्रमुख गडबडीने फाइल गोळा करून उठले आणि दारापर्यंत गेले. जपानी लोकही निरोप घेताना "बाय बाय" म्हणतात. मी मात्र दचकून मागे पाहिलं. आठ वर्षांत मला कोणी बाई म्हटलं नव्हतं.

मग कळलं. बास्क भाषेत "बाई" म्हणजे "हो". उच्चार जवळजवळ आपलाच, किंचित आखूड. माझ्याशी तो स्पॅनिशमध्ये बोलायचा, नकार स्पॅनिशमध्ये द्यायचा, शिव्या तर फ्रेंचमध्येसुद्धा द्यायचा. पण "हो" म्हणायची वेळ आली की फक्त "बाई". दुपारी डबा खाताना मी त्याला कारण विचारलं. त्याच्या लहानपणी शाळेत घरची भाषा बोलायला बंदी होती. ज्याच्या तोंडून शब्द निसटेल त्याच्या बोटात मास्तर एक पितळी अंगठी घालायचे. त्याने दुसऱ्या पोराला बोलताना पकडून दिलं की अंगठी त्या पोराच्या बोटात. शाळा सुटताना अंगठी ज्याच्याकडे, त्याला छड्या. हा सात वर्षांचा असताना मास्तरांनी विचारलं, समजलं का? आणि याच्या तोंडून "बाई" निघून गेलं. अंगठी आली. त्याने दिवसभर कोणालाही पकडून दिलं नाही.

"नाही मी कोणाच्याही भाषेत म्हणतो," तो म्हणाला. "हो फक्त माझ्या. त्याची किंमत मी सातव्या वर्षीच चुकवली आहे, म्हणून एकदा म्हटलेलं बाई मी परत घेत नाही."

मी माझा डबा त्याच्यापुढे सरकवला. तेवढ्यात त्याने सिद्धांत मांडला की जपानी "हाय" म्हणतात, बास्क "बाई" म्हणतात, तेव्हा दोघं मुळात एकच. सुतावरून स्वर्ग गाठणारे आमच्याकडेही ढिगाने आहेत, म्हणून मी तो खोडला नाही. फक्त सांगितलं की जपानी "हाय" म्हणजे हो नाही. ते आपलं मराठी "बरं" आहे. ऐकलं एवढाच त्याचा अर्थ, करीन असा नाही. तो बोटांवर काहीतरी मोजायला लागला. गेल्या तीन दिवसांत विभागप्रमुख त्याला चाळीसेक वेळा "हाय" म्हणाले होते.

संध्याकाळी जेवताना मी घरात ही गंमत सांगितली. त्याच्या भाषेत बाई म्हणजे हो. आमच्याकडे बाई म्हणजे स्त्री, शिक्षिका, कामवाली, आणि शिवाय दचकल्यावर, कंटाळल्यावर, नाही म्हणताना, सगळीकडे बाई. नवरा हसला. मुलगी टीव्ही बघत होती. सासरे सासूबाईंना चमच्याने भात भरवत होते. त्यांनी चमचा थांबवला नाही की वर पाहिलं नाही. एवढं रंगवून सांगितलं ते भिंतीला सांगितल्यासारखं झालं, आणि मी चिडून भांडी घासायला गेले.

शिल्पकाराचा परतीचा दिवस उजाडला. कारखान्यात जमिनीवर खडूने मापं आखायची होती, मग तो जाणार आणि तीन महिन्यांनी उद्घाटनाला येणार. आखणी अर्ध्यावर असताना पाळणाघरातून फोन आला, मुलीला ताप आहे, या. मी दोघांना हातवारे करून सांगितलं आणि सायकल दामटत नदी ओलांडली. दीड तासाने परत आले तर दोघं गॅसच्या टाक्यांवर बसून हिरवा चहा पीत होते, मध्ये एकही भाषा नसताना. माझ्याविना त्यांचं जास्त चांगलं चाललं होतं. मला रागच आला. "सगळं ठरलं?" मी विचारलं. शिल्पकार म्हणाला "बाई", सासरे म्हणाले "हं", आणि मी त्याला विमानतळाच्या गाडीत बसवलं.

तीन महिने सासऱ्यांनी एकट्याने काम केलं. पहाटे जायचे, अंधार पडता यायचे, भुवया जळलेल्या. दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील एवढी दोन पानं, अशी वाकवलेली की वर एकमेकांना टेकून उभी राहावीत. कुठे नट नाही, बोल्ट नाही. चौकात क्रेनने ती उभी केली त्या दिवशी मी गेले होते. मला कलेतलं ओ की ठो कळत नाही, पण मला तिथून निघवेना. सासरे जरा लांब, बाकाशी, हात पुसत उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅसच्या टाक्या परत केल्या, क्रेन मोडून दिली, शेडला कुलूप लावलं. चाळीस वर्षांत त्यांनी वाकवलेलं सगळं पाण्याखाली गेलं होतं. हे एक जमिनीवर, लोकांना दिसेल असं उभं होतं.

उद्घाटनाला चार दिवस असताना शिल्पकार आला, शिल्पाकडे चालत गेला आणि सरळ आरपार निघून गेला. थांबला. वळला. पुन्हा आरपार आला, हात हलवत, फिरायला निघाल्यासारखा. मग दोन्ही हात पसरून त्याने फट मोजली.

सत्तर सेंटिमीटर होती. पस्तीसची बरोबर दुप्पट.

त्याने जे सुरू केलं त्यातलं निम्मं मी भाषांतरित करू शकले नाही आणि उरलेलं करणार नव्हते. हे दार आहे, म्हणाला, यातून गाय जाईल, पोकळी कुठे आहे, ही नुसती हवा आहे, कापून टाका. फट कमी करायची तर दोन्ही पानं नव्याने वाकवायला हवीत, आणि वाकवणाऱ्याच्या शेडला कुलूप होतं. म्हणजे कापून भंगारात. तसं लिहून देणार नसाल तर माझं नाव काढा, म्हणाला. आणि त्याच्या नावाशिवाय ते भंगारच होतं, निदान नगरपालिकेच्या दृष्टीने. फलक आधीच कोरून आला होता.

त्या संध्याकाळी बैठक बसली. विषय "जबाबदारीचे ठिकाण". असा विषय खरोखर छापला होता. दोन तास जबाबदारीला ठिकाण शोधलं गेलं. सुरक्षा विभाग म्हणाला, सत्तर आमच्या नियमात उलट उत्तम बसतं. बांधकाम विभाग म्हणाला, आम्ही फक्त उंची मोजतो. प्राध्यापक डोळे मिटून म्हणाले, पोकळीला माप नसतंच. प्रत्येकाने काखा वर केल्या आणि हळूहळू सगळ्यांच्या नजरा सासऱ्यांकडे वळल्या. ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, एकमेव चांगला कोट घालून. म्हातारा झाला, ऐकू कमी येतं, चुकला, असं कोणी बोललं नाही. जपानात असं बोलत नाहीत, नुसते श्वास आत ओढतात. पाच-सहा जणांनी ओढले.

मला ते सहन होईना. या माणसाचं शेवटचं काम, आणि ते चूक म्हणून कापायचं? उभी राहिले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. मी माप चुकीचं भाषांतरित केलं."

खोलीत एवढे सुटकेचे सुस्कारे मी कधी ऐकले नव्हते. परदेशी सून! याहून सोयीचं ठिकाण जबाबदारीला सापडलंच नसतं. विभागप्रमुखांनी तर मला पाणी आणून दिलं. मी कमरेत वाकून माफी मागितली, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दोन विभागांत जाऊन मागितली, तिसऱ्या दिवशी लेखी दिली. दुभाष्यांच्या यादीतून माझं नाव काढल्याचं सौजन्यपूर्ण पत्र आलं. सासरे तिन्ही दिवस माझ्या शेजारी बसून होते. एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, लाजले असतील बिचारे. त्यांच्याकडे बघून मीच सगळं गिळत राहिले.

माफीने शिल्पकाराचं समाधान झालं नाही. "तुझ्यावर राग नाही," तो मला म्हणाला, "पण कापायचं." उद्घाटनाच्या आदल्या सकाळी चौकात कापणारे आले. गॅसच्या टाक्या उतरल्या, चष्मे चढले. विभागप्रमुख पांढरे पडले होते. एकाने ज्योत पेटवली. तेव्हा सासरे बाकावरून उठले, चालत शिल्पाच्या फटीत जाऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "ओइ. याला सांग."

"काय सांगू?"

"तुझी चूक नाही म्हणून सांग. तू नव्हतीसच. तू मुलीला आणायला गेली होतीस." त्यांनी दोन बोटं वर केली. "मी याला खडूने आखलेली फट दाखवून असं विचारलं. 'बाई?' हा पण असंच करून म्हणाला, 'बाई, बाई.'"

माझ्या डोक्यात आत्ता उजेड पडला. जपानीत "बाई" म्हणजे दुप्पट. ते रोजचं मापाचं गणित. सासऱ्यांच्या तोंडात दिवसातून दहा वेळा असायचं आणि मी आठ वर्षं ऐकत होते. दोन बोटं म्हणजे दोन पट. आणि समोरच्याला वाटलं, म्हातारा फोटोत करतात तशी बोटं वर करून माझ्याच भाषेत विचारतोय, ठीक ना? म्हणून यानेही आनंदाने दोन बोटं वर केली.

मी शिल्पकाराला सांगितलं. या वेळी एक अक्षर गुळगुळीत केलं नाही. जपानीत बाई म्हणजे दुप्पट, त्यांनी तसं विचारलं आणि तुम्ही बाई म्हणालात, एवढंच.

तो सासऱ्यांकडे बघत राहिला. ज्योत भसाभस जळत होती. त्याने हळूच दोन बोटं वर केली, स्वतःच त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याला आठवलं. तोंडातल्या तोंडात तो फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाला. मग कापणाऱ्याला हाताने ज्योत बंद करायची खूण केली आणि फुटपाथच्या कडेला बसला.

"वाईट आहे," मला म्हणाला. "पोकळी नाही ती. पण मी बाई म्हणालो आहे. उभं राहू दे वाईटच." आणि थोड्या वेळाने, "लोखंड मात्र फार सुंदर वाकवलंय त्याने. हे त्याला सांग." मी सांगितलं. सासरे म्हणाले, "हं."

उद्घाटन झालं. माहितीपत्रक रातोरात बदललं होतं. जुन्यात पस्तीस सेंटिमीटरला निसर्गापुढे माणसाची नम्रता म्हटलं होतं. नव्यात सत्तर सेंटिमीटर म्हणजे विश्वाकडे उघडलेलं मन झालं. प्राध्यापक तेच. आमच्या गणपतीला जमणाऱ्या इथल्या मराठी मंडळींपैकी एक धातुशास्त्राचे पीएचडीवाले आले होते. त्यांनी शिल्पाला प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "याला प्रायमर नाही मारणार?" शिल्पकार दुपारच्या विमानाने गेला. निघताना सासऱ्यांना त्याने पुन्हा मिठी मारली. या वेळी सासऱ्यांचा एक हात थोडासा वर आला होता.

घरी आल्यावर माझा बांध फुटला. तीन दिवस मी सगळ्या गावापुढे वाकले, यादीतून नाव गेलं, आणि तुम्ही शेजारी मूग गिळून बसलात? सासरे बूट काढत होते. म्हणाले, "तू मला विचारलं नाहीस." मी जिना आपटत वर गेले आणि दोन दिवस खाली उतरले नाही.

रविवारी सकाळी त्यांनी खालून हाक मारली, "ओइ." सासूबाईंना चौकात न्यायचं होतं, गाडीतून खुर्ची उतरवायला कोणीतरी हवं, नवरा कामावर. मी तोंड फुगवून गेले. चौकात सकाळी माणूस नव्हतं. सासऱ्यांनी खुर्ची सरळ शिल्पाकडे ढकलत नेली. मी मागून म्हणणार होते की बाजूने घ्या, तेवढ्यात खुर्ची फटीत शिरली. डावीकडे चार बोटं जागा उरली, उजवीकडे चार बोटं. ना कुठे घासली, ना अडकली. पस्तीसमध्ये ती खुर्ची जन्मात गेली नसती.

मला कळलं, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "बाई म्हणजे त्याच्या भाषेत हो, हे मी जेवताना सांगितलं होतं. तुम्ही मुद्दाम विचारलंत."

"विचारलं," सासरे म्हणाले. "दुसऱ्या शब्दाने विचारलं असतं तर नाही म्हणाला असता."

सासूबाई मध्यावर आल्यावर त्यांनी डावा हात उचलला, थांबा म्हणून. दोन वर्षांनी त्यांचा तळवा सासऱ्यांच्या कामावर टेकला. खालून वर, पोहोचेल तिथपर्यंत, सावकाश फिरला. सासरे हात पुसत उभे होते. पुसायला हातांना काही लागलेलं नव्हतं. सासूबाई बराच वेळ शब्द शोधत होत्या. मग दोन्ही बाजूंना बघून, जीभ जड असली तरी अगदी स्पष्ट, म्हणाल्या, "अरुंद."

सासरे माझ्याकडे वळले. गंभीर चेहऱ्याने त्यांनी दोन बोटं वर केली.

"बाई?"

मी रडत होते, त्यात हसू फुटलं, आणि तोंडून मराठीच निघालं. "नको गं बाई!"

त्यातला एकच शब्द त्यांना कळला. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि खिशातून खडू काढला.